दोन नम्र भाऊ

आमच्या घरात गरम भाकरी कुणी खाल्ली नाही, आणि त्याला कारण पप्पांचं शास्त्रवाचन; आमच्यात बायबलला शास्त्र म्हणतात. दिवे लागले की आई स्टोव्ह पेटवायची. त्याची भर्रर घरघर दोन्ही खोल्या भरून टाकायची, आणि त्या आवाजावर आवाज चढवून पप्पा हाक मारायचे, ‘चला, उपासनेला.’ ही हाक बरोबर पहिली भाकरी तव्यावर फुगायच्या वेळेला यायची. आई मुकाट्यानं स्टोव्हची हवा सोडायची, भाकरी फडक्यात गुंडाळायची, हातावरचं पीठ झटकून पदर डोक्यावर घ्यायची आणि भिंतीला टेकून बसायची. फडक्यातून ज्वारीचा वास येत राहायचा. कोपऱ्यात येसरची आमटी झाकून ठेवलेली असायची, तिच्यातल्या लसणाचा वास वेगळा. मी आणि माझा धाकटा भाऊ योना पोटात कावळे ओरडत असताना हात जोडून बसायचो, आणि पप्पा सावकाश चष्मा पुसायचे. तो चष्मा मुळात स्वच्छच असायचा. मला त्या चष्मा पुसण्याचा इतका राग यायचा की अजूनही कुणी जेवणाआधी चष्मा पुसू लागलं तर मी उठून आत जाते.

पप्पा जालन्यातल्या एका मिशन दवाखान्यात कंपाउंडर होते आणि दवाखान्याच्या मागच्या आवारात आम्हाला राहायला दोन खोल्या होत्या. दिवसभर ते पुड्या बांधायचे, बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवायचे. त्यांच्या हाताला खोकल्याच्या औषधाचा गोड वास कायम असायचा, आणि शास्त्राच्या पानांनाही तो लागलेला होता. वाचायचे मात्र फार सुंदर. एकेक वाक्य औषधासारखं मोजून द्यायचे. मंदिरात प्रार्थना करणाऱ्या त्या दोघांची गोष्ट, एक स्वतःची पुण्यं मोजून दाखवणारा परूशी आणि दुसरा मान खाली घालून छाती बडवणारा जकातदार, ही त्यांची सगळ्यात आवडती. परूशाचं बोलणं ते जरा नाकातून वाचायचे, जकातदाराचं एकदम हळू, आणि योना मला कोपरानं ढोसायचा.

वाचन संपलं की पप्पा शास्त्र मांडीवर मिटून ठेवायचे आणि विचारायचे, ‘हे कुणासाठी?’ हा आमच्या घरचा रिवाज. आजोबांनी सुरू केलेला. प्रत्येकानं म्हणायचं, ‘माझ्यासाठी,’ आणि दिवसभरात आपला गर्व कुठे दिसला ते सांगायचं. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. आई ‘माझ्यासाठी’ म्हणून एका दमात काहीतरी सांगून टाकायची. शेजारणीनं चटणीची तारीफ केली तर बरं वाटलं, असलं काहीतरी. तिचं लक्ष फडक्यातल्या भाकरीकडे. योना ठरलेलं उत्तर द्यायचा, गोट्यांत जिंकलो तेव्हा फुगलो. माझी पाळी आली की पप्पा जरा पुढे सरकून बसायचे. वर्गात मी पहिली यायचे, चर्चमधल्या शास्त्रपाठांतराच्या स्पर्धेत माझं बक्षीस ठरलेलं असायचं, त्यामुळे माझ्यात गर्व असणारच याबद्दल त्यांची खात्री होती. मी काही सांगितलं तर ते म्हणायचे, ‘अजून खोल बघ.’ काहीच सुचलं नाही तर म्हणायचे, ‘सुचत न्हाई हाच गर्व.’ सगळ्यांत शेवटी ते स्वतःचं सांगायचे, आणि ते इतकं लांब आणि इतकं देखणं असायचं की ऐकताना मला कळायचं, या माणसाला आपल्या नम्रतेचा केवढा अभिमान आहे. पण हे म्हणायची सोय नव्हती. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही ना.

पप्पांचा एकुलता एक धाकटा भाऊ म्हणजे शमूकाका. शमुवेल त्यांचं नाव. ते अंकुशनगरला साखर कारखान्यात नोकरीला होते आणि रविवारच्या उपासनेला एसटीनं जालन्याला यायचे. तिकडे दुसरी मंडळी, म्हणजे चर्च, नव्हती असं नाही, पण आपली मंडळी ती आपली मंडळी. लहानपणी काका आले की आमच्याकडे सण असायचा. उसाचं एक कांडं तरी पिशवीत असायचंच. ते दाराशी बसून दातांनी सोलायचे आणि आम्हाला पेरं तोडून द्यायचे. मग आजोबा गेले आणि सगळं बिनसलं.

आजोबा प्रचारक होते. सायकलवर टेंभुर्णीपासून राजूरपर्यंतची खेडी पालथी घातलेला माणूस. त्यांच्या कबरीवर दगड बसवायचा ठरला, आणि त्यावर काय कोरायचं याचा विचार दोघा भावांनी आमच्याच घरात बसून केला. काका म्हणाले, ‘प्रभूचा नम्र सेवक’ असं लिहू. पप्पा म्हणाले, नाव लिहायचं, बास. नम्र हा शब्द दगडावर कोरला की नम्रता संपली, मेलेल्या बापाला आपण परूशी करून ठेवणार. काका म्हणाले, म्हणजे मी बापाला परूशी म्हणून राह्यलो का? पप्पा म्हणाले, मी तसं म्हणलो न्हाई, पण शब्द तुझाच आहे. आई आतून चहा घेऊन आली तेव्हा दोघांचे आवाज इतके वाढले होते की ती दारातच थांबली. काकांनी चहा घेतला नाही. त्या दिवसापासून अबोला. दोन भाऊ नम्रतेवरून भांडले, आणि बापाचा दगड कोराच राहिला. पुढेही कधी त्यावर अक्षर पडलं नाही. मी अजून अधूनमधून जाते तिकडे. गवत काढते, आणि दोघांनाही मनातल्या मनात चार शब्द सुनावून येते.

भावाभावांचे अबोले कुठे नसतात? सगळीकडे असतात आणि पोराबाळांच्या लग्नाकार्यात कधीतरी मिटतात किंवा न मिटता जुने होतात. पण आमच्याकडे शास्त्र होतं. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, असा जो भाग आहे, तो पप्पांनी एका संध्याकाळी वाचला आणि जाहीर केलं की ज्या घरात अबोला आहे त्या घरातल्या कुणीही प्रभूभोजनाच्या, म्हणजे पाव-प्याल्याच्या, मेजाला जायचं नाही. मला वाटलं, आता ते उठतील, चपला घालतील आणि अंकुशनगरची एसटी धरतील. वाचलेल्याचा सरळ अर्थ तोच होत होता. पण ते उठले नाहीत. त्यांनी आईला भाकऱ्या वाढायला सांगितलं. समेटाचं काय, असं आईनं जेवताना विचारलं तेव्हा ते म्हणाले, माझ्याकडून समेट झालेलाच आहे, त्यानं फक्त यायचं आहे. गंमत म्हणजे तिकडे काकांनीही तोच भाग वाचून तोच नियम स्वतःला लावून घेतला होता. एकाच बापाकडून शिकलेले दोघं. तेव्हापासून प्रभूभोजनाच्या रविवारी लोक पुढे जाऊन मेजाभोवती गुडघे टेकायचे, आणि हे दोघे मागे बसून राहायचे. मंडळीतल्या म्हाताऱ्या बाया हळहळायच्या, किती कोवळ्या मनाची माणसं म्हणून. आई बायकांच्या बाजूला मान खाली घालून बसायची. तिचं कुणाशी भांडण नव्हतं. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

आणि मी. मंडळीत मुलं सोळा-सतरा वर्षांची झाली की पाळकसाहेब त्यांचा वर्ग घ्यायचे, प्रश्नोत्तरं पाठ करून घ्यायचे आणि ईस्टरच्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांचं दृढीकरण व्हायचं. त्या दिवशी मूल मोठं झालं. पहिल्यांदा मेजाला जायचं, पहिल्यांदा पाव आणि प्याला हातात घ्यायचा. माझ्या वर्गातल्या मुली आदल्या ईस्टरला जाऊन आल्या होत्या. मी राहिले. पप्पांनी सांगितलं, अबोला मिटू दे, मग. मोठ्या बाया आणि माझ्या मैत्रिणी उठून पुढे जायच्या आणि मी आईपेक्षा उंच झालेली घोडी शेंबड्या पोरांत बसून राहायचे. एक पोरगं दर वेळी माझ्या ओढणीशी खेळायचं. मला ते मेज हवं होतं. ईर्ष्येनं हवं होतं असं पप्पा म्हणायचे, तेही थोडं खरं असेल. पण त्या वयात मला खरोखरच भीती वाटायची की माझं तारण, माझ्या जिवाची मुक्ती, अडकून पडलीय, आणि तेसुद्धा दगडावरच्या एका शब्दासाठी. ही भीती आज सांगताना हसू येतं. तेव्हा मी अंथरुणात पडून रडायचे.

प्रश्नोत्तरं तर मला वर्गाला न जाताच पाठ होती. तारण माणसाच्या करणीनं मिळत नाही, देवाच्या कृपेनं मिळतं, हे त्यातलं मुख्य. मी एका संध्याकाळी धीर करून पप्पांना विचारलं, तारण जर कृपेनं आहे तर माझं तारण शमूकाकांच्या येण्यावर कसं काय अडतं? आई भाकरीचं फडकं सारखं करत होती, तिचा हात थांबला. पप्पा माझ्याकडे दयेनं बघत राहिले. मग म्हणाले, ‘प्रश्न चांगला आहे. पण विचारणारा आवाज कुणाचा, ते बघ. हा गर्व आहे, एस्तेर.’ संपलं. आमच्या घरात या एका शब्दानं कुठल्याही प्रश्नाला बाहेरून कडी लागायची. चिडले तर गर्व, रडले तर गर्व, गप्प बसले तरी गर्व. डोकं आपटावं अशी भिंत असती तरी बरं, निदान टेंगूळ तरी आलं असतं. ही भिंत मऊ होती.

दुसऱ्या वर्षीचा ईस्टर जवळ आला तेव्हा मी पाळकसाहेबांना गाठून सगळं सांगितलं. साधा, थकलेला माणूस. त्यांना दोघा भावांचं माहीत होतंच, साऱ्या मंडळीला माहीत होतं. त्यांनी विचार करून सांगितलं, ‘गुरुवारी बघू.’ उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी आमच्या मंडळीत पाय धुण्याचा विधी असायचा. प्रभूनं शेवटच्या जेवणाआधी शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण. जोड्या लावायच्या, पुरुष पुरुषांत, बाया बायांत. एकानं खुर्चीवर बसायचं, दुसऱ्यानं कमरेला पंचा बांधून खाली बसायचं, परातीत त्याचे पाय धुवायचे, पंच्यानं पुसायचे, मग अदलाबदल. जोड्या पाळकसाहेब लावायचे. त्यांनी सरळ दोघा भावांची नावं एकत्र पुकारली. मला वाटलं, झालं, आता पाण्यात हात गेला की रडतील दोघं, आणि रविवारी मी मेजाला.

दोघंही उठले. दोघांनीही कमरेला पंचे बांधले. आणि खुर्चीच्या दोन बाजूंना दोघंही खाली बसले.

‘दादा, तू बस खुर्चीवर,’ काका म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी पप्पांशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

‘न्हाई शमू, तू बस. थोरल्यानंच वाकायचं अस्तं.’

‘मी धाकटा हाये. सेवा करायचा मान माझा.’

‘प्रभू काय धाकटा होता का? तू बस.’

खुर्ची रिकामी. परातीतलं कोमट पाणी निवत चाललेलं. बाकीच्या जोड्यांचं धुऊन झालं, अदलाबदल झाली, तेही झालं. पेटीवाल्यानं गीत संपवलं आणि काही सुचेना म्हणून तेच गीत पुन्हा पहिल्यापासून घेतलं. पाळकसाहेब वाकून हळूच म्हणाले, अहो, प्रभूचा शिष्य पेत्र, त्यानंसुद्धा आधी पाय धुऊन घ्यायला नकारच दिला होता. त्यावर पप्पा म्हणाले, ‘आणि मग ऐकलं. शमूही ऐकल.’ काका म्हणाले, ‘दादा ऐकल की पेत्रावानी.’ दोघांचेही चेहरे शांत, प्रेमळ, कमालीचे हट्टी. बायकांच्या बाजूनं मला सगळं दिसत होतं आणि मला उठून त्यांतल्या एकाला धरून खुर्चीत दाबून बसवावंसं वाटत होतं. कोणालाही. मला फरक पडत नव्हता.

शेवटी पाळकसाहेबांनी एक उसासा टाकला आणि ते स्वतःच त्या खुर्चीवर बसले. त्यांनी दोन्ही पाय परातीत ठेवले आणि म्हणाले, ‘मंग दोघं मिळून माझेच धुवा.’ आणि धुतले की! पप्पांनी उजवा, काकांनी डावा. बोटांच्या बेचक्यांतून, टाचेच्या भेगांतून, मन लावून, एकमेकांकडे एकदाही न बघता. पुसलेही एकानं एक, एकानं एक. पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. मंडळीला वाटलं, ते प्रार्थना करताहेत. मला तसं वाटलं नाही.

घरी येताना पप्पा अगदी प्रसन्न होते. रस्त्यानं मोसंबीच्या गाड्या चालल्या होत्या, हवेत तो वास होता, आणि ते सांगत होते, आज प्रभूनं मला चारचौघांत वाकवलं, आज माझा मीपणा गळून पडला. मी इतकी संतापले होते की मला पायाखालचा रस्ता दिसत नव्हता.

काका सणाचे दिवस जालन्यातच त्यांच्या सासुरवाडीला थांबले होते. शुक्रवारची लांबलचक उपासना संपल्यावर मी त्यांना आवारातल्या लिंबाखाली गाठलं. म्हटलं, काका, तुम्ही लहान आहात, पप्पांकडे या, एकदा माफी मागा, म्हणजे मला मेजाला जाता येईल. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना खरंच माझी माया होती, हे मला सांगितलंच पाहिजे.

‘अगं बाई, मी त्याला कवाच माफ करून टाकलंय. माझ्या मनात बिलकुल काही न्हाई. रोज त्याच्यासाठी प्रार्थना करून राह्यलो मी.’

‘माफ करा म्हणत नाही, काका. माफी मागा म्हणते.’

त्यांना तो फरक पहिल्यांदा कळलाच नाही. मग कळला, आणि त्यांचा चेहरा जरासा उतरला. ‘मागायला माझं चुकलं काय? बापाचं चांगलं लिहा म्हनलो, हा गुन्हा झाला का? तो येऊ दे. दार उघडंच हाये.’

घरी येऊन मी पप्पांना तेच म्हटलं, तुम्ही थोरले आहात, तुम्ही माफी मागा. पप्पांनी चष्मा काढला. ते म्हणाले, माझ्या मनात काही न्हाई, मी त्याला तेव्हाच माफ केलंय, दार उघडं आहे. शब्दाला शब्द. एकमेकांशी न बोलता दोघांनी पाठ केल्यासारखं एकच उत्तर. त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात फक्त राग होता. माफ करायला दोघंही तयार होते, माफ केलेला व्हायला कुणी तयार नव्हतं. माफ करणारा उंच असतो ना. पाय धुणाराही खाली बसलेला दिसतो, पण उंच तोच असतो, सगळे त्याच्याकडेच बघत असतात. आपले मळके, भेगाळलेले पाय दुसऱ्याच्या हातात देऊन खुर्चीवर बसून राहायचं, याला खरं वाकणं म्हणतात. पेत्राला तेच जड गेलं होतं. इतक्या वर्षांच्या वाचनात हे पप्पांना दिसलं नाही, आणि मला दिसलं तेव्हा सांगायची सोय नव्हती.

संध्याकाळी वाचनाला त्यांनी नेमका पाय धुण्याचाच भाग घेतला. गुरुवारचा आनंद अजून ओसरला नव्हता. वाचून झालं, शास्त्र मांडीवर मिटलं, आणि त्यांनी विचारलं, हे कुणासाठी? आई म्हणाली, माझ्यासाठी. योना म्हणाला, माझ्यासाठी. मी रिवाज मोडला.

‘पप्पा, आपल्या घरात पाय धुणारे दोघं आहेत. पाय मळलेला कुणीच न्हाई. मग प्रभू कुणासाठी आल्ता?’

योनानं तोंड उघडं टाकलं. पप्पांनी मांडीवरचं शास्त्र उघडलं आणि पुन्हा मिटलं. मला वाटलं, लागलं, आत कुठेतरी लागलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. आईनं नजर खाली केली नाही. मग ते म्हणाले, ‘हा गर्व बोलून राह्यला, एस्तेर.’ पण यावेळी ते हळू म्हणाले, आणि जेवले नाहीत.

योना आता नाशकात असतो, त्याच्याही दाढीचे केस पिकलेत. रोज सकाळी तो आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुलाबाच्या चित्रावर छापलेलं नम्रतेचं एक वचन टाकतो, आणि खाली काकांची मुलं, आम्ही, सगळे हात जोडल्याची इवली इवली चित्रं टाकतो. मी आधी माझं रोजचं वाचन करते, मग ते उघडते. कधीकधी मीही हात जोडते. पप्पा आणि काका दोघं आता आजोबांच्या दगडाच्या दोन बाजूंना आहेत. एकमेकांना माफ करूनच गेले दोघंही. अबोला मात्र सुटला नाही. कुणी म्हणतं, मरताना पप्पांनी काकांची आठवण काढली. मी उशाशी होते. काढली होती. ‘शमूला सांगा, माझ्या मनात काही न्हाई,’ असं म्हणाले.

त्या ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आई नेहमीसारखीच होती, फक्त तिनं आपलं लग्नातलं पांढरं पातळ पेटीतून काढून उन्हात टाकलं आणि मला म्हणाली, उद्या वेणी नीट घाल. मी कारण विचारलं नाही. मला वाटलं, ईस्टर आहे म्हणून.

ईस्टरला चर्च गच्च भरलेलं होतं. फुलांच्या माळा, नव्या कपड्यांचा कडक वास, पोरांची रडारड. पुरुषांच्या बाजूला अगदी शेवटच्या बाकावर पप्पा एका टोकाला आणि काका दुसऱ्या टोकाला बसले होते. सगळ्यांत शेवटची जागा दोघांनाही हवी असायची. मध्ये दोन-तीन माणसं बसतील एवढी जागा मोकळी होती आणि एवढ्या गर्दीतही तिथे कुणी बसायला जात नव्हतं. पाळकसाहेबांनी दृढीकरणाच्या मुलांना पुढे बोलावलं. मुलं उठली, घोळक्यानं पुढे गेली. आईनं माझ्या पाठीला हात लावला आणि म्हणाली, ‘ऊठ. जा पुढं.’

मी गेले. मुलांच्या ओळीच्या टोकाला जाऊन उभी राहिले. मुलाच्या वडिलांनी उठून संमती द्यायची, ही आमच्याकडची पद्धत. एकेकाचे वडील उठले, संमती आहे म्हणाले, बसले. माझ्यापाशी येऊन पाळकसाहेब थांबले आणि त्यांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. ‘मनोहरराव?’

पप्पा उठले नाहीत. ते आपल्या हातांकडे बघत होते. नाही म्हणाले असते तरी मला सोसलं असतं. पण ते काहीच म्हणेनात.

मग बायकांच्या बाजूनं आईचा आवाज आला. ती उभी राहिली होती. मंडळीत तिचा आवाज तोवर कुणी ऐकला नव्हता, गातानासुद्धा ती ओठ हलवायची. ‘संमती आहे, पाळकसाहेब,’ ती म्हणाली. ‘मी तिची आई.’

पाळकसाहेबांनी पुन्हा मागे बघितलं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. याबद्दल मी त्या माणसाला आजही धन्यवाद देते. थोड्या वेळानं प्रभूभोजन सुरू झालं, मी मेजापाशी गुडघे टेकले, तर शेजारी कुणीतरी येऊन गुडघे टेकले. आई होती. तिनं ओंजळ पुढे केली. पाव हातावर पडला तेव्हा मी तिच्या ओंजळीखाली माझा हात धरला. ती रडत होती. मी रडत नव्हते. ज्यासाठी मी अंथरुणात पडून इतकी रडले होते ते तोंडात होतं आणि मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही असं नाही, पण त्याच्यावर राग पसरलेला होता. पप्पांनी तिची मेजाविना इतकी वर्षं का घेतली, असं सारखं मनात येत होतं.

परत येताना आई तिच्या जागेवर गेली. मी गेले नाही. बायकांची बाजू सोडून मी मधल्या वाटेनं थेट मागे चालत गेले, सगळी मंडळी माना वळवून बघत असताना, आणि शेवटच्या बाकावर, दोघांच्या बरोबर मध्ये, त्या मोकळ्या जागेत जाऊन बसले. माझा एक हात पप्पांपर्यंत पोचला असता, दुसरा काकांपर्यंत. कुणीतरी एकानं तरी माझ्याकडे सरकावं एवढंच मला हवं होतं. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, त्यांचे डोळे भरलेले होते. काकांचेही भरलेले होते. आणि मला ऐसपैस बसता यावं म्हणून दोघंही आपापल्या टोकाकडे आणखी थोडे सरकले.